माझं झाकण आणि तिचं झाकण

मित्रांनो, मी एक जुनी चहादाणी आहे. किती जुनी, ते मात्र विचारू नका. माणसं वय लपवतात ती तरुण दिसावं म्हणून. आमच्या कपाटात उलटं असतं. जितकं वय जास्त तितका मान जास्त, आणि माझ्या शेजारणीचं वय माझ्याहून जास्त होतं. ती चीनमध्ये घडलेली, मी इंग्लंडमध्ये. मी माझी जन्मकथा सांगायला बसले की ती मध्ये येतेच. आता ती या घरात नाही, तरी येते.

मला बनवलं एका मोठ्या कारखान्यात. बारीक पांढऱ्या मातीत हाडांची राख कालवली, साच्यात घातलं, भट्टीत भाजलं. माझ्या पोटावरचं निळं चित्र कुणी काढलेलं नाही, ते छापलेलं आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र पातळ कागदावर उतरवायचं, तो कागद माझ्या पोटाभोवती गुंडाळून घासायचा आणि मग पाण्याने धुऊन काढायचा. कागद जातो, चित्र राहतं. कागदाची दोन टोकं जुळवली ती माझ्या कानामागे, आणि त्या जोडात पुलाचा अर्धा खांब नाहीसा झाला. चित्रात नदी आहे, पूल आहे, होडी आहे आणि एक झाड आहे. हे सगळं चीनहून जहाजाने येणाऱ्या भांड्यांवरून उचललेलं. कोरणाऱ्याने तसलं झाड जन्मात पाहिलं नव्हतं. त्यामुळे माझ्या झाडाला फळांऐवजी फुलकोबीचे गड्डे लागलेले आहेत.

झाकणाची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्या घुमटावर कागद बसेना, सुरकुत्या पडू लागल्या. तेव्हा रंगकाम करणाऱ्या एका बाईने ते हातात घेतलं. समोर नमुना म्हणून एक चिनी झाकण ठेवलं आणि श्वास रोखून कडेची जाळी आणि चार फुलं स्वतःच्या हाताने रंगवली. इतकी हुबेहूब, की मुकादमाने दोन्ही झाकणं उचलली आणि यातलं आपलं कुठलं, असं तिलाच विचारलं. माझ्या सगळ्या अंगावर माणसाच्या हाताचं काम एवढंच. म्हणून माझं झाकण हा माझा अभिमान होता. 'होता' असं का म्हणते, ते पुढे कळेल.

पुष्कळ घरं फिरून मी एका बाईंकडे आले. त्यांना मी त्यांच्या आईकडून मिळाले. बाईंचे यजमान दातांचे डॉक्टर होते. मी रोज सकाळी चहा द्यायचे, आणि ते पेपर वाचत तो प्यायचे. एके दिवशी पेपर आला नाही, तेव्हा त्यांची नजर माझ्याकडे गेली.

"अगं, हे झाड कसलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही चहा प्या. झाडं नंतर ओळखा," बाई म्हणाल्या.

पण डॉक्टरांनी मला उलटं केलं. रुग्णाचा जबडा पाहायचा छोटा आरसा आणून माझ्या तोटीच्या आत पाहिलं. हे चित्र कुठून आलं, याचं मूळ भांडं कसं असेल, याचा त्यांना ध्यास लागला. जुन्या वस्तूंची दुकानं झाली, लिलाव झाले. बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट आलं. त्यात निळ्या थाळ्या आल्या, रस्सा वाढायची होडीसारखी भांडी आली, कान नसलेले पेले आले. नाद माझ्यामुळे लागला, हे लक्षात ठेवा. डॉक्टर मात्र ते साफ विसरले.

आणि मग ती आली, ती चिनी चहादाणी. तेच चित्र, तोच पूल, तीच होडी, गळ्याचं मापही तेच, पण सगळं हाताने रंगवलेलं. तिच्या झाडाला फळं होती. डॉक्टरांनी तिला मधल्या फळीवर ठेवलं, तिच्या शेजारी मला ठेवलं आणि पाहुण्यांना सांगू लागले, "ही अस्सल. आणि ही तिची नक्कल."

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक साधी गोष्ट सांगते. आमच्या सगळ्या जातीला तुम्ही 'चिनी मातीची भांडी' म्हणता. म्हणजे नावसुद्धा तिच्या माहेरचं, आणि ते मी जन्मभर लावायचं!

दर रविवारी डॉक्टर प्रत्येक भांड्याला नखाने टिचकी मारून बघायचे. अखंड भांडं खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. तिला टिचकी मारली की डोळे मिटून तो नाद संपेपर्यंत ऐकत राहायचे. मला टिचकी मारली की पुढच्या थाळीकडे वळायचे. तिच्या आत बॅटरी धरून तिच्या पातळ अंगातून उजेड कसा झिरपतो ते दाखवायचे. माझ्यातून उजेड झिरपत नाही असं थोडंच आहे? पण कुणी बॅटरी धरली तर ना!

मला सगळ्यात जास्त कशाचा राग यायचा, सांगू? तिने उभ्या आयुष्यात कधी काम केलं नव्हतं. पोटात चहाचा एक डाग नाही, की उकळत्या पाण्याचा चटका नाही. मी सकाळी स्वयंपाकघरात राबायचे आणि अंग पुसून पुन्हा तिच्या शेजारी येऊन बसायचे, ओली आणि दमलेली. ती कोरडी ठणठणीत. शिवाय तिच्यात एक खोट होती, ती मला शेजारी असल्यामुळे ठाऊक होती. माझ्या झाकणाला खालून खोल गळपट्टी आहे. मी कितीही वाकले तरी झाकण गळ्यात घट्ट बसतं. तिच्या झाकणाची पट्टी नखाएवढी. जरा मान तुकवली की डोक्यावरचं पडणार. पण मान तुकवायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही.

वर्षं गेली. डॉक्टरांचे हात कापू लागले, म्हणून त्यांनी दवाखाना बंद केला. घरात चहा ओतायचे तो थेट बशीत, टेबलावर, मांडीवर. एकदा पाहुण्यांसमोर असं झालं, त्यानंतर त्यांनी मला हातात घेतलंच नाही. बाई ओतायच्या. ते दोन्ही हात टेबलाखाली ठेवून बसायचे. दाढ दुखणाऱ्या माणसाला 'जरा कळ सोसा' म्हणत अलगद दाढ काढणारे ते हात होते. मला वाईट वाटायचं. तरीही सांगते, त्या कापऱ्या हातांनी ते तिला मात्र रोज पुसायचे.

शेवटी दोघांनी लेकीकडे राहायला जायचं ठरवलं. लेकीच्या घरात एकच फळी रिकामी होती. थाळ्या गेल्या, पेले गेले. कपाटात आम्ही दोघी उरलो, आणि एका दुपारी आमच्यासमोरच आमचा निवाडा झाला.

"दोघींना नेऊ या ना," बाई म्हणाल्या.

"नको. हिला उचलताना माझ्या छातीत धडधडतं. माझ्या हातून फुटली तर मी स्वतःला माफ करणार नाही. संग्रहालयाला देऊन टाकू."

"आणि माझ्या आईची?"

"ती असू दे घरात. ती फुटली तरी चालेल."

मित्रांनो, मी जिंकले होते. ती जाणार होती, मी राहणार होते. वर्षानुवर्षं मी याच दिवसाची वाट पाहिली होती. पण ती जाणार होती ती लाडकी म्हणून, आणि मी राहणार होते ती नकोशी म्हणून. असं जिंकणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

संग्रहालयाचे साहेब न्यायला येणार त्या सकाळी डॉक्टरांनी तिला शेवटचं धुवायला काढलं. धुण्याचा त्यांचा एक कडक नियम होता. प्लास्टिकच्या टबात तळाला टॉवेल अंथरायचा आणि एका वेळी एकच भांडं धुवायचं. त्याचं झाकण पुसून त्याच्यावर बसल्याशिवाय दुसरं भांडं टबाजवळ येता कामा नये. हा नियम इतकी वर्षं कधी मोडला नव्हता.

बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "माझी पाठ मोडून येते तेव्हा पेपरातून डोकं वर निघत नाही," त्या म्हणाल्या. "आणि तिला मऊ टॉवेल, कोमट पाणी!"

"अगं, शेवटचंच धुणं आहे हे."

"मग हिलाही घाला. ही काय सावत्र आहे?" आणि बाईंनी मला उचलून त्याच टबात ठेवलं.

बाई माझ्या बाजूने बोलल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी भांडलं. मी इतकी हरखले की काय चाललंय याकडे माझं लक्षच राहिलं नाही. दोन झाकणं एकाच जाड टॉवेलवर शेजारी शेजारी वाळत पडली. खालच्या पट्ट्या टॉवेलात रुतलेल्या, वर दिसत होती फक्त जाळी आणि चार-चार फुलं. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. डॉक्टरांच्या चष्म्यावर वाफ धरली होती, आणि डोळ्यांतही पाणी असावं. त्यांनी हाताला लागलं ते झाकण कागदात गुंडाळलं. ते माझं होतं. मी ओरडले असते, पण चहादाणीला तोंड नसतं, तोटी असते.

लेकीच्या घरी पहिल्याच सकाळी बाईंनी मला वाकवलं आणि डोक्यावरचं झाकण घसरलं. बाईंनी ते वरच्यावर झेललं. डॉक्टरांनी ते उलटं करून नखाएवढी पट्टी पाहिली. मग संग्रहालयाला फोन लावला. साहेबांचा आवाज खणखणीत होता, मलाही ऐकू आला.

"छे हो डॉक्टर! आमच्या तज्ज्ञांनी झाकण भिंगाखाली तपासलंय. मूळचंच आहे. इतका सफाईदार हात तिकडच्याच कारागिरांचा."

"अहो, पण तिचं झाकण इथे माझ्या समोर आहे!"

"तुमच्याकडचं नक्कल असणार. नीट बघा."

डॉक्टर आधी संतापले आणि मग इतके हसले की बाईंनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. आणखी दोनदा त्यांनी फोन केला. साहेबांनी आणखी दोनदा त्यांचं सांत्वन केलं.

पुढे लेकीने संग्रहालयाच्या दारावरच्या मोठ्या चित्राचा फोटो काढून आणला. त्यावर शेजारीण नव्हती. फक्त झाकणाची चार फुलं होती, माणसाच्या उंचीएवढी केलेली. माझी फुलं! श्वास रोखून रंगवलेली! लोक त्यांच्यासमोर उभे राहून म्हणत असतील, वा, अस्सल ते अस्सल. आता तुम्हीच सांगा, मी कुणावर जळायचं? तिच्यावर जळून झालं. आता मला माझ्याच झाकणाचा हेवा वाटतो. तिथे ते तिच्या डोक्यावर मिरवतंय, आणि इथे तिचं झाकण माझ्या डोक्यावर डळमळतंय.

पण एका सकाळची गोष्ट सांगायची राहिली. बाई भांडी घासत होत्या. लेक कामावर गेली होती.

"अहो, आज तुम्ही ओता," बाई म्हणाल्या. "माझे हात साबणाचे आहेत."

"सांडेल माझ्याने."

"सांडू दे. आणि दुसऱ्या हाताने झाकण धरा, नाहीतर पडेल. मला काही तिसरा हात फुटलेला नाही."

डॉक्टरांनी टेबलाखालून हात वर काढले. उजव्या हाताने माझा कान धरला. डावा तळवा माझ्या डोक्यावर ठेवला, त्या लबाड झाकणावर, आणि दाबून धरला. मी वाकले. दोन हातांत धरल्यावर उजव्याची थरथर डाव्याने आवरली. चहा सरळ कपात पडला. बशी कोरडी राहिली. डॉक्टर त्या कोरड्या बशीकडे पाहत राहिले. बाईंनी ते पाहिलं. स्वतःचा कप तेवढा पुढे सरकवला.

तेव्हापासून रोज तेच ओततात. माझं स्वतःचं झाकण असतं तर त्याला कुणी धरावं लागलं नसतं, आणि तो हात माझ्या डोक्यावर कधी आला नसता. शेजारणीचे उपकार मानावेत असं मला वाटत नाही. पण तिच्या खोटीचा मला उपयोग झाला, हे खरं. तिकडे काचेमागे तिला कोण हात लावतंय?

परवा लेक घाईत होती. "बाबा, द्या इकडे ती, पटकन धुऊन टाकते," असं म्हणत तिने मला एका हाताने उचललं.

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "जपून," ते म्हणाले. "ती फुटली तर चालणार नाही."

मित्रांनो, तुमच्या घरीही जुनी भांडी असतील. एका वेळी एकच धुवा आणि त्याचं झाकण त्यालाच घाला. कपाटातल्या भांड्यांना पुसता, तसं स्वयंपाकघरात राबणाऱ्यांनाही मायेने पुसा. आणि कुणाच्याही समोर 'ती फुटली तरी चालेल' असं म्हणू नका. आम्हाला ऐकू येतं.