ताईने सांगितलेलं भाडं

बदली घ्यायची की नाही, हे नवराबायकोने वहीच्या एका पानावर ठरवलं. पानाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘इथे’, उजवीकडे ‘तिथे’. इथे म्हणजे उत्तरेतलं त्यांचं शहर, जिथे वर्षातले पाच महिने हीटर लावल्याशिवाय पांघरुणातून पाय बाहेर काढवत नसे. तिथे म्हणजे चार राज्यं ओलांडून खाली दक्षिणेत, जिथे त्याची मोठी बहीण आईला घेऊन राहत होती.

तो एका कंपनीत लिफ्ट दुरुस्त करायचा. ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची, त्यावरून ती प्लास्टरचे साचे ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, शेवटी घासून चकचकीत करायची. बारा वर्षं एकाच लॅबमध्ये काढल्यामुळे सगळी गल्ली तिला दातवाली म्हणायची. घरमालकाने तिसऱ्यांदा भाडं वाढवलं तेव्हा नवरा म्हणाला, “आता माझेच दात काढून विकायचे राहिलेत.”

“वापरलेले कुणी घेत नाही,” दातवाली म्हणाली.

त्याच आठवड्यात कंपनीने विचारलं, की दक्षिणेच्या शाखेत माणूस हवाय, जाल का? पगार तोच, फक्त शहराचा भत्ता कापणार. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे शाळेचा प्रश्न नव्हता. दोघं वही घेऊन बसले आणि ताईला फोन लावला.

“दोन खोल्यांचं भाडं किती असेल गं, ताई?”

पलीकडे ताई थोडी थांबली. “सात हजार. अगदी डोक्यावरून पाणी म्हणजे साडेसात.”

इथे ते चौदा हजार भरत होते. नवऱ्याने बायकोकडे बघून भुवया उडवल्या.

“आणि वीज?”

“हीटर नाही की गीझर नाही. पंखा फिरतो तेवढंच.”

दूध, तांदूळ, गॅस, बसचा पास. ताई सांगत गेली आणि उजवी बाजू भरत गेली. स्वतःचा पगार दातवालीने दोन्हीकडे सारखाच लिहिला. दात काय, तिथल्याही माणसांचे पडतातच. बेरीज केली तर महिन्याला अकरा हजार वाचत होते.

“हातचा धरलास ना?” नवऱ्याने विचारलं.

“धरला. दोनदा मोजलंय.”

“आई वाट बघतेय तुमची,” ताई फोन ठेवताना म्हणाली.

“मला ओळखेल का गं?”

“कधीकधी ओळखते,” ताई म्हणाली.

आईला विसरायला होऊ लागल्याला सहा वर्षं झाली होती. मुलगा दर महिन्याच्या एक तारखेला न चुकता पैसे पाठवायचा. यायला मात्र चार वर्षांत जमलं नव्हतं.

हीटर, रजया, लोखंडी कपाट, सगळं मिळेल त्या किमतीला विकून ते निघाले. पहिले आठ दिवस ताईकडेच उतरले. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आतल्या खोलीत आईची खाट. भाड्याचं घर बघायला बाहेर पडल्यावर दलालाने आकडा ऐकला आणि तो मनापासून हसला.

“सात हजारात? साहेब, सात हजारात गाडी लावायला जागा मिळेल. तीही उन्हात.”

शेवटी साडेबारावर घासाघीस संपली. घर पत्र्याखालचं होतं, दुपारी पंखा नुसती भट्टीची हवा ढवळायचा. कूलर घ्यावा लागला आणि विजेचं बिल हीटरच्या बिलाच्या पुढे गेलं. पाणी विकतचं होतं. दातवालीने पाच लॅबचे उंबरठे झिजवले. एकाने तिचं काम हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिलं, फार सुंदर आहे म्हणाला आणि जुन्या पगाराच्या निम्मा आकडा सांगितला. “इथे एवढाच देतात, बाई.” तिने तो घेतला. दुसरं करणार काय?

“वन्संनी आपल्याला फसवलं,” एका संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली.

“काहीतरीच काय बोलतेस? ती घराबाहेर पडते कुठे? तिला काय दर माहीत असणार?”

“भाडं विचारलं तेव्हा त्या थांबल्या होत्या. बाकी सगळं पटापट सांगितलं, तिथेच थांबल्या.”

दर रविवारी ते ताईकडे जात. तेव्हा आईची वेणी घातलेली असे, अंगात धुतलेले कपडे असत, पायांवर चादर नीट ओढलेली असे. नणंदेच्या तोंडावर काही बोलायची दातवालीला संधीच मिळत नव्हती.

मग एका मंगळवारी दुपारी लॅबमधली वीज गेली आणि मालकाने सगळ्यांना घरी पाठवलं. आज काय तो सोक्षमोक्ष लावू, असं ठरवून ती ताईचे तीन जिने चढली. दाराला बाहेरून कडी होती. ताई खाली गेली असावी. कडी काढून ती आत गेली.

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. डावा पाय जुन्या ओढणीने खाटेच्या पायाला बांधलेला होता. ओढणीखालची कातडी सोलवटली होती आणि तिच्या खाली जुने, काळे पडलेले वळ होते. म्हणजे हे आजचं काम नव्हतं.

“बाई,” सासूबाई अगदी अदबीने म्हणाल्या, “एवढी गाठ सोडता का? माझी मुलगी शाळेतून यायची वेळ झालीय. तिच्याकडे किल्ली नाही.”

दातवालीने खाली बसून गाठ सोडली. मेणातले बारीक दात बसवणारी बोटं तिची, पण गाठ सुटायला वेळ लागला.

ताई औषधांची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. उघडी कडी तिने आधीच पाहिली होती.

“किती वेळ झाला तुला येऊन?”

“आत्ताच आले.”

ताईने पिशवी खाली ठेवली. “गेल्या वर्षी ती रस्त्यावर गेली होती. ट्रक अगदी हातभर अंतरावर थांबला. तेव्हापासून बांधते. फक्त खाली जाताना.” मग तिने मान हलवली. “नाही, खोटं बोलतेय मी. आंघोळीला जाताना पण बांधते. कधीकधी नुसतंच, मला जरा निवांत बसायचं असतं म्हणून.”

“आणि भाडं?” दातवालीने विचारलं. इतके दिवस घोळवलेला प्रश्न तिला आता फार लहान वाटला, पण तोंडातून गेला होता.

“बाकीचं मला वाटलं तसं सांगितलं गं. भाडं मुद्दाम कमी सांगितलं. समोरच्या खोल्या त्याच महिन्यात तेरा हजाराला गेल्या होत्या. मला माहीत होतं.”

“वन्सं, सरळ सांगायचं होतं ना.”

“तेरा म्हटलं असतं तर आला असता तुम्ही?”

दातवालीने सोडलेली ओढणी हातात गोळा केली.

“आणि सरळ काय सांगायचं होतं?” ताईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “की मी तिच्या तोंडावर उशी धरली होती? धरली आणि मग काढली. किती वेळ धरली, ते मला सांगता येणार नाही. काढल्यावर ती मला म्हणाली, थंडी वाजते का गं तुला? माझे हात कापत होते ना, म्हणून. दुसऱ्या आठवड्यात तुमचा फोन आला. मी त्या दिवशी एक हजारसुद्धा सांगितलं असतं.”

सासूबाई दोघींकडे आळीपाळीने बघत होत्या, परक्याच्या घरी पाहुणी म्हणून बसल्यासारख्या.

संध्याकाळी दातवालीने नवऱ्याला ओढणीबद्दल सांगितलं. उशीबद्दल सांगितलं नाही. कंपनीच्या गणवेशातच तो तडक बहिणीकडे गेला, आणि मागोमाग ही.

“जनावराला तरी बांधतं का कुणी असं?” तो दारातूनच ओरडला. “लाज नाही वाटली तुला?”

ताई भिंतीला टेकून उभी राहिली. उत्तर दिलं ते त्याच्या बायकोने.

“चार वर्षांत किती वेळा आलो आपण? सांगा ना. मोजा.”

तो आत जाऊन आईजवळ बसला. आईने त्याचा गणवेश पाहिला, छातीवरचा बिल्ला पाहिला.

“दुरुस्तीला आलात?” ती म्हणाली. “आधी सांगा, किती घेणार?”

“काही नको,” तो म्हणाला. मग तिथेच तोंड फिरवून बसला.

महिनाअखेरीला त्यांनी पत्र्याखालचं घर सोडलं. अनामत रकमेतला एक महिना मालकाने कापून घेतला. चौघं ताईच्या दोन खोल्यांत राहू लागले. ताईला एका धुलाई कारखान्यात दुपारच्या पाळीत इस्त्रीचं काम मिळालं. सहा वर्षांत पहिल्यांदाच ती रोज घराबाहेर पडू लागली. दातवालीने सकाळची अर्धी पाळी घेतली, उरलेलं काम घरी आणलं. दुपारी सासूबाई तिच्या ताब्यात असत. नवऱ्याने परत उत्तरेला जाण्याचा अर्ज केला होता, त्याचं उत्तर दोन ओळींत आलं. जागा भरली होती. वाचणार होते त्या अकरा हजारांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

सहाव्या महिन्यातल्या एका दुपारी सासूबाईंनी भाताचा घास तिसऱ्यांदा थुंकला. या वेळी तो मेणातल्या तयार दातांवर पडला. दोन दिवसांचं काम होतं. दातवालीचा हात वर गेला. मारला नाही, पण सासूबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि ते इतक्या सवयीने झाकलं, की तिचा हात हवेतच राहिला. मग तिने फरशी पुसली, वाटी धुतली, सासूबाईंचं तोंड पुसलं. मेण खरवडून पहिल्यापासून दात लावायला घेतले. एकही नीट बसेना.

पाचला ताई आली. बोटांवर इस्त्रीचे चटके होते.

“आज कशी होती?”

“वन्सं,” दातवाली म्हणाली, “आज माझा हात उठला.”

ताईने पिशवी खुंटीला अडकवली. काय झालं, कसं झालं, काहीच विचारलं नाही. “चप्पल घाल आणि खाली चक्कर मारून ये,” ती म्हणाली. “मी आहे इथे.”

दातवाली खाली उतरून बस थांब्यापर्यंत चालत गेली. बाकावर एक म्हातारा वर्तमानपत्र वाचत होता, त्याच्या शेजारी बसली. तीन बसेस आल्या आणि गेल्या. तिसऱ्या बसचा वाहक तिच्यासाठी क्षणभर थांबला, तिने मानेनेच नाही म्हटलं. मग उठून ती घराकडे वळली. सासूबाईंच्या औषधाची वेळ झाली होती.