पाण्याच्या ठिगळाखाली

मी एक जुना लेयर आहे. लेयर म्हणजे थर. चपातीला जसे पदर असतात, तसे संगणकावरच्या चित्राला थर असतात, मित्रांनो. सगळ्यात खालचा पदर मी. लोहाऱ्याला स्टँडसमोर रणधीरभाऊंचं फ्लेक्सचं दुकान आहे. तिथल्या संगणकात 'वाढदिवस मोठा' नावाच्या फाइलमध्ये मी राहतो. राहतो कसला, कोंडलेला आहे! माझ्या नावापुढं कुलूप आहे आणि एक बारकासा डोळाही आहे. तो डोळा मिटला की मी दिसेनासा होतो. दुकानात काय चाललंय ते मात्र सगळं कळतं.

माझा जन्म माकणीच्या धरणावरचा. दुकानात चित्रं जुळवणारी सोनाली तेव्हा नवीन होती. तिनं मोबाईलवर फोटो काढला, तोच मी. तांबूस आभाळ, लांबवर पाणी, काठाला बाभळी. डाव्या कोपऱ्यात मेंढरं घेऊन उभे होते रामलिंगमामा.

"मी बी येतोय का त्यात?" मामांनी विचारलं.

"येताय की मामा. हसा जरा."

मामा काही हसले नाहीत. त्यांनी पटका नीट केला, काठी सरळ धरली आणि ताठ उभे राहिले. "कुठं लावणार ह्यो फोटू?"

"लोहाऱ्याला, दुकानात."

"मग लई मोठा झालो म्हणायचं!" आता मात्र ते हसले. पण फोटो आधीच निघाला होता.

दुसऱ्या दिवशी सोनालीनं मला संगणकावर घेतलं. डाव्या कोपऱ्यात वाढदिवसवाल्याचा फोटो बसवायचा होता, त्यामुळं मामांना काढणं आलं. सोनालीला शिकवणाऱ्या सरांचा एक नियम होता. मूळ चित्राला हात लावायचा नाही, वर नवा लेयर घ्यायचा आणि त्यावर काम करायचं. तिनं तसंच केलं. माझंच थोडं थोडं पाणी उचलून तिनं वरच्या लेयरवर ठिगळ केलं आणि मामांना मेंढरांसकट झाकलं. त्यावर धुकं, त्यावर ढग, त्यावर सूर्याची किरणं.

"आयला, हे धरण आहे की परदेश!" रणधीरभाऊ म्हणाले. मी फुगलो नसतो तरच नवल.

दोन वर्षं लोहाऱ्याच्या प्रत्येक चौकात मीच होतो. वाढदिवस माझ्यावर, दुकानांची उद्घाटनं माझ्यावर. केवढाले गॉगलवाले माझ्या छातीवर बसले! मग धबधब्याची टूम निघाली. सोनालीनं माझ्यावर धबधबा ठेवला आणि माझा डोळा मिटला. चार वर्षं झाली. वरचा तो धबधबा इतका शेफारला, की बोलायची सोय नाही. मी अंधारात. माझ्या कोपऱ्यात ठिगळाखाली मामा, त्यांच्यावर तर दुप्पट अंधार. फार गुदमरायला होतं, मित्रांनो.

मागच्या आठवड्यात संगणक अडखळायला लागला. रणधीरभाऊ म्हणाले, "जुन्या फाइली एकेक उघड आणि सगळे लेयर एक करून टाक. लपलेले उडाले तर उडू दे. जागा होईल."

सोनाली कामाला लागली. माझी फाइल चौथी होती. तिसरी संपली आणि मला धडकी भरली. मी गेलो तर मामाही जाणार होते.

तेवढ्यात कोंडाबाई आल्या. त्या रामलिंगमामांच्या पत्नी. मामा महिन्यापूर्वी वारले होते. भिंतीवर लावायला घरात त्यांचा एकही फोटो नव्हता, होतं फक्त आधार कार्ड. रणधीरभाऊंनी रिवाजाप्रमाणं त्यावरचं तोंड कापलं, तयार कोट-टायच्या धडावर बसवलं आणि मागं धबधबा दिला.

कोंडाबाईंनी बराच वेळ पाहिलं. "ह्यो कोन? आमच्या मालकानं जन्मात कोट घातला न्हाय."

"मावशी, सगळे असाच नेतात," रणधीरभाऊ म्हणाले.

"न्हेऊ द्या. मालक मरस्तवर सांगायचे, माझा फोटू लोहाऱ्याच्या दुकानात हाय, धरणावर एका पोरीनं काढलाय म्हून. तेवढा द्या."

सोनालीचा चेहरा उतरला. तो मोबाईल कधीच मोडला होता. तिनं घाईनं माझी फाइल उघडली, धबधब्याचा डोळा मिटला आणि माझा उघडला. चार वर्षांनी उजेड! पण कोपऱ्यात नुसतं पाणी होतं.

"धरण तर आमचंच हाय," कोंडाबाई म्हणाल्या. "मालक कुठं हायेत?"

"मी पुसलं त्यांना, मावशी," सोनाली म्हणाली. ती रडायच्या बेतात होती.

अगं, पुसलं नाहीस, झाकलंयस! ठिगळ काढ, ठिगळ! मी जीव तोडून ओरडत होतो. पण लेयरला तोंड कुठलं असायला?

"गेला म्हणायचा तो फोटो," रणधीरभाऊ म्हणाले. "बंद कर फाइल."

सोनालीचा हात माउसवर थांबला. "भाऊ, मी मूळ चित्राला हात लावत नाही," ती हळूच म्हणाली. लेयरच्या यादीत माझ्या वरच एक बिननावाचा लेयर होता. तिनं त्याचा डोळा मिटला.

कोपऱ्यात रामलिंगमामा उभे राहिले. पटका नीट केलेला, काठी सरळ, पायाशी मेंढरं.

कोंडाबाईंनी चटकन डोक्यावर पदर घेतला.

मग त्यांनी डोळे पुसले. "मागं धरणच ऱ्हाऊ द्या. मेंढरं बी ऱ्हाऊ द्या. एकटं करमायचं न्हाय त्येन्ला."

त्या फोटो घेऊन गेल्या. सोनालीनं ठिगळाचा लेयर कायमचा काढून टाकला आणि फाइलमधले बाकीचे थर जसेच्या तसे ठेवले. दुसऱ्या दिवशी वाढदिवसाचं काम आलं. पुन्हा धबधबा वर बसला आणि माझा डोळा मिटला. मी अजून कोंडलेलाच आहे.

मित्रांनो, तुम्हीही चित्रं कराल, साठवाल, पसारा नको म्हणून सगळे थर एक करायला निघाल. तेव्हा आधी प्रत्येकाचा डोळा एकदा उघडून बघा. तळाशी कुणी उभं असेल. माझ्याकडं तर मामा अजून पटका नीट करून ताठ उभे आहेत.