सग्डनबाईंची वीज

पत्र मी पायपुसण्यावर उभ्या उभ्याच वाचलं. फेब्रुवारीतली सकाळ होती, पोस्टमन नुकताच पुढच्या दारी गेला होता. रेघांच्या कागदावर निळ्या शाईत लिहिलेलं होतं. 'प्रिय मिस्टर ऑल्ड्रॉइड, तुम्हाला त्रास देणं बरं नाही, पण नव्या कंपनीचं विजेचं बिल आलं आहे आणि ते पहिल्यापेक्षा जास्त दिसतं. मीच चुकीचं वाचत असेन. निजायच्या खोलीतला हीटर मी बंद केला आहे. वेळ झाला तर एकदा येऊन बघाल का? आपली, एनिड सग्डन.'

या पत्राला मी उत्तर दिलं नाही. आज या गोष्टीला तीन हिवाळे झाले.

बॅटलीच्या सार्वजनिक वाचनालयात मी एकतीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी केल्या. निवृत्त झाल्यावर तिथल्याच एका टेबलावर दर मंगळवारी बसू लागलो. गावातली म्हातारी माणसं विजेची, गॅसची बिलं घेऊन यायची. मी त्यांचे आकडे दर-तुलनेच्या वेबसाइटवर भरायचो, आणि ती सांगायची, अमुक कंपनीकडे गेलात तर वर्षाला इतके पाउंड वाचतील. आकडा हिरव्या रंगात यायचा. तो दिसला की समोरचा माणूस माझ्याकडे असा बघायचा, जणू ते पैसे मीच खिशातून काढून दिलेत. खरं सांगायचं तर मंगळवारी मी त्या नजरेसाठी जात होतो. एरवी माझ्याकडे कुणी बघावं असं माझ्यात काही नाही.

सग्डनबाई ऑक्टोबरमध्ये आल्या. वय एकोणऐंशी, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. जन्मभर गिरणीत कापड तपासायचं काम केलेलं. बोटं फिरवून कापडातली गाठ शोधायची आणि ती सुईनं उसवून सारखी करायची. माझ्या टेबलाशी बसल्या, तेव्हाही त्यांची बोटं टेबलाच्या कडेवरून फिरत होती.

"बिल नाही हो माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर चहा सांडला, मग मी तेच भांड्याखाली घातलं. पण मीटरचे आकडे आहेत. दर एक ऑक्टोबरला लिहून ठेवते. आमच्या ह्यांची शिस्त."

त्यांनी एक पाकीट पुढे केलं. पाठीमागे दोन वर्षांचे आकडे होते, प्रत्येक वर्षाचे दोन. एक वर, एक खाली.

"दोन कसे?" मी विचारलं.

"एक दिवसाचा, एक रात्रीचा. रात्रीची वीज स्वस्त पडते ना."

"मग यातला दिवसाचा कुठला?"

"ते काही लिहिलेलं नाही बघा त्याच्यावर. वरचा असेल की. आधी दिवस, मग रात्र. का राजा, तुम्हाला काय वाटतं?" त्या हसल्या. "नाहीतर असं करा, चला माझ्याबरोबर. पाच मिनिटांवर तर आहे. मीटर तुम्हीच बघा. किटली ठेवते, आल्याचा केकही केलाय कालच."

जायला काहीच हरकत नव्हती. पण मला ते जमलं नाही. एका विधवा बाईच्या घरी जायचं, कोट कुठे काढायचा, कुठल्या खुर्चीत बसायचं, केक खाल्ल्यावर किती वेळाने उठायचं, हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं आणि कान तापले. मी आकड्यांकडे बघितलं. वरच्या ओळीतला वापर मोठा होता, खालचा अगदी थोडा. रात्री माणूस झोपलेला असतो, त्याला वीज कितीशी लागणार, असा मी विचार केला.

"नको, त्याची गरज नाही," मी म्हणालो. "वरचाच दिवसाचा."

वेबसाइटनं क्षणात उत्तर दिलं. तुमचा रात्रीचा वापर नगण्य आहे, दोन दरांची योजना तुम्हाला परवडत नाही, एकाच दराची घ्या. बचत दोनशे बारा पाउंड.

"दोनशे बारा!" सग्डनबाई एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. "अहो, आमचे हे असते ना, तर तुम्हाला बिअर पाजली असती."

शेवटचं बटण त्यांनी स्वतःच्या बोटानं दाबलं.

पत्र आलं त्या दिवशी मी वाचनालयात गेलो. 'हीटर' हा शब्द मला सारखा टोचत होता. त्यांच्या गल्लीतल्या त्या घरांमध्ये गॅस नाही, हे मला वाचनालयातल्या बाईंनी सांगितलं. त्या घरांतले हीटर विटांनी भरलेले असतात. रात्रीच्या स्वस्त विजेवर विटा तापतात आणि दिवसभर ऊब देत राहतात. म्हणजे सग्डनबाईंची जवळजवळ सगळी वीज रात्रीच जळत होती. मी आकडे उलटे करून पुन्हा भरले. वेबसाइटनं तितक्याच तत्परतेनं सांगितलं की त्यांची जुनी योजनाच सर्वांत स्वस्त होती. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिला जे सांगितलं त्याचं उत्तर तिनं दिलं होतं, दोन्ही वेळेला.

घरी येऊन मी उत्तर लिहायला बसलो. पहिलं पत्र फार लांब झालं. दुसऱ्यात मी वेबसाइटची कार्यपद्धती समजावून सांगितली आणि माझी चूक कर्मणी प्रयोगात घातली. तिसरं बरं होतं, पण तोवर आठवडा उलटला होता, आणि आठवडा का लागला हे आता सांगावं लागणार होतं. पुढे महिना झाला. मंगळवारी मी जाईनासा झालो. एकदा बाजारात त्या दिसल्या, जाड कोट, डोक्याला रुमाल, आणि मी पावाच्या फडताळामागे गेलो. पावांच्या किमती वाचत उभा राहिलो, त्या जाईपर्यंत.

गेल्या शुक्रवारी मला बसथांब्यावर ट्रेव्हर भेटला. पूर्वी बस चालवायचा, आता कुत्रा फिरवतो. माझ्या टेबलाशी तोही येऊन गेलेला.

"काय लेनर्ड, मेलास की काय लेका? टेबल ओसाड पडलंय तुझं."

"तब्येत बरी नव्हती." मग मी धीर करून विचारलं, "ट्रेव्हर, तुझे तेव्हा पैसे वाचले का रे? खरंच?"

तो विचार करू लागला. हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. "आकडा हिरवा होता, एवढं आठवतं. पुढच्या वर्षी दर वाढले, मग हिवाळा कडक पडला, मग बायको घरी बसायला लागली. वाचले म्हणायचे. कोण मोजतंय? तुला म्हणून सांगतो, दुसऱ्या वर्षी मी बघितलंच नाही. कंटाळा आला." मग त्याला आठवलं. "एनिड सग्डन मात्र तुझे गोडवे गाते. दोनशे पाउंड वाचवले त्यानं माझे, म्हणते."

"असं म्हणतात त्या?"

"तर! म्हणते, त्या बिचाऱ्यानं सगळं नीट करून दिलं आणि मीच उधळी. हीटर कसे वापरायचे तेच मला म्हातारपणी समजेना, म्हणते. सगळे बंद करून बसायची रे ती, स्वयंपाकघरात कोट घालून. छातीत कफ झाला, पुतणीनं आरडाओरडा केला. गेली मग वसंतात समुद्रकाठच्या मोरकमला, त्या वृद्धांच्या सदनिकांमध्ये. तिथं हीटिंग भाड्यातच असतं. घर सोडलं चाळीस वर्षांचं." त्यानं कुत्र्याचा पट्टा ओढला. "मला म्हणाली, ट्रेव्हर, मला एकटीला घर चालवता येत नाही आता, हे कळलं ते बरंच झालं."

बस आली. मी चढलो नाही.

"पत्ता आहे का तुझ्याकडे?" मी विचारलं.

"बायकोकडे आहे. ख्रिसमसचं कार्ड पाठवते ना ती. का रे?"

त्या संध्याकाळी मी अर्धं पान लिहिलं. मी तीन वर्षं वाक्यं घासूनपुसून ठेवली होती, त्यातलं एकही कामी आलं नाही. 'प्रिय सग्डनबाई, तुम्ही बिल बरोबर वाचलं होतं. आकडेही बरोबर लिहून आणले होते. मी ते उलटे भरले. तुम्ही मला मीटर बघायला बोलावलं होतं आणि मी लाजेनं आलो नाही. तुमचं पत्र आल्यावर दुसऱ्या तासाला मला चूक कळली होती, तरी मी गप्प राहिलो. तुम्ही वीज उधळली नाही. घर तुम्हाला उत्तम चालवता येत होतं.' खाली सही केली. क्षमेबद्दल एक वाक्य लिहिलं आणि खोडलं. खोडलेलं दिसत होतं, पण पुन्हा उतरवून काढायला बसलो तर पत्र पाठवायचंच राहून जाईल हे मला ठाऊक होतं, म्हणून तसंच पाकिटात घातलं.

घर तर आता दुसऱ्या कुणाचं झालं आहे. हे पत्र वाचून त्यांना बरं वाटेल की अधिकच वाईट, मला सांगता येत नाही. कदाचित मी ते माझ्यासाठीच लिहिलं असेल. तेही मला नीट कळत नाही.

सकाळी कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी गेलो. पत्ता दोनदा वाचला, तिकीट अंगठ्यानं दाबलं. मागे एक बाई बाबागाडी घेऊन थांबली होती. "टाकताय ना?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो, आणि टाकलं.