साईड

पंचशीलाला साईड द्यायची खोड होती. ती खोड आपल्याला आहे हे कळायला तिला एकतीस वर्षं, एक लाल गाडी आणि औरादचा एक चिडका माणूस लागला.

एरवी ती कुणाला हार जाणारी नव्हती. गुलबर्ग्याच्या एका मोठ्या दवाखान्यात ती भूलतज्ज्ञ होती. सुरी हातात घेऊन घाई करणाऱ्या भल्याभल्या सर्जनांना ती "थांबा, अजून नाही" म्हणायची आणि ते थांबायचे. गाडी तिनं हैदराबादहून आणली होती. दोन दारांची, बुटकी, कंपनीतून निघाली तशीच. आधीच्या मालकानं तिच्यात काडीचा बदल केला नव्हता आणि पंचशीलालाही करायचा नव्हता. गावाकडं, खटकचिंचोळीत, घरापुढं गाडी उभी राहिली तेव्हा चांगुणाबाईनं, तिच्या आईनं, वाकून मागच्या सीटकडं पाहिलं. "ह्यात मानसं बसायचे का पिशव्या?" एवढं विचारून ती आत गेली.

बाप मात्र तासभर गाडीभोवती फिरत राहिला. राजपाल हाडाचा ड्रायव्हर. गावचे बडे जमीनदार गुरुशांतप्पा, त्यांच्याकडं त्यानं सव्वीस वर्षं गाडी चालवली होती. आधी जीप, मग पांढरी मोटार, शेवटी सात सीटांची भलीमोठी. आता दोन वर्षं तो घरीच होता आणि रिकामपण त्याला मानवत नव्हतं. पंचशीलाला गाडी त्यानंच शिकवली, चुलत्याच्या टेम्पोवर. क्लच हळू सोडायचा, आरशात बघत राहायचं, आणि मागून मोठी गाडी आली की मुकाट डावीकडं घ्यायचं. घाई त्यांची, आपली नाही. हा शेवटचा धडा त्यानं इतक्यांदा गिरवून घेतला होता की तो तिच्या हातात जाऊन बसला होता.

हुमनाबादच्या पुढं लाल माळावर कुणा हौशी माणसानं गाड्या पळवायचा ट्रॅक बांधला होता. महिन्यातून एका रविवारी कुणीही आपली घरची गाडी तिथं न्यावी आणि पोटभर पळवावी. शर्यत नाही, नंबर नाही.

"नंबर न्हाई तर कामून जायलीस?" राजपालनं विचारलं.

"गाडी किती पळते बघायला."

"आन तू?"

"मी पण."

हे राजपालला पटलं. त्यानं चष्मा पुसला आणि कामाला लागला. ब्रेकचं ऑइल नवं घातलं, ब्रेकचे पॅड बदलून आणले, चाकांचे नट स्वतः आवळले. मिस्त्रीनं आवळलेले होतेच. पण दुसऱ्यानं आवळलेल्या नटावर राजपालनं आयुष्यात विश्वास ठेवला नव्हता.

रविवारी सकाळी सातला दोघं ट्रॅकवर पोचले. तपासणारा पोरगेलासा माणूस म्हणाला, गाडीत सुटं काहीही ठेवायचं नाही. मग स्टेपनी निघाली, जॅक निघाला, पायपुसणी निघाली, आणि चांगुणाबाईनं डिकीत कोंबलेलं भाकरीचं गाठोडं, शेंगांच्या चटणीचा डबा आणि दह्याचा तांब्या निघाला. शेजारी दीड-दोन कोटींची गाडी लावून उभे असलेले हैदराबादचे दोघे त्या तांब्याकडं बघत राहिले. पंचशीलानं त्यांना भाकरी विचारली. त्यांनी घेतली, आणि मागूनही घेतली.

"ड्रायव्हर लोकांनी आत या," अशी हाक आली आणि राजपाल सवयीनं सगळ्यांच्या आधी आत गेला. पहिल्या रांगेत बसला. कुणी काही विचारलं नाही, त्याचं लायसन बघून मनगटावर कागदी पट्टी बांधली. नियम सांगणारा नरसिंग म्हणून औरादचा होता, पन्नाशीचा, कधीकाळी रॅलीत गाड्या पळवलेला. तो म्हणाला, काचा खाली ठेवायच्या. पुढच्यानं खिडकीतून हात काढून साईड दिली तरच पुढं जायचं, तेही सरळ रस्त्यावर. हॉर्न मारायचा नाही. "आणि साईड कुणाला द्यायची? सरळ रस्त्यावर कुणीही जवळ येतो. वळणातून बाहेर पडल्यावरही जो मागं चिकटलेला असतो, तो तुमच्यापेक्षा जोरात आहे. त्याला द्यायची. मग तो कुणीही असो." नाही दिली तर निळा झेंडा दाखवू, असंही तो म्हणाला.

"निळा म्हंजे आपलाच की," राजपाल लेकीच्या कानाशी पुटपुटला. तिनं त्याला कोपरानं ढोसलं.

बाहेर आले तर समोर मल्लप्पा. गुरुशांतप्पांचा मुलगा, पंचेचाळिशीचा, मनगटात सोन्याचं कडं, मागं चंदेरी परदेशी गाडी. ताकद पंचशीलाच्या गाडीच्या दुप्पट.

"काय राजपाल, तू इकडं कुटं?"

"लेकीसंगं आलो, मालक," राजपाल म्हणाला. वयानं वीस वर्षांनी मोठा माणूस, पण हात आपसूक जुळले.

"बरं केलास. डॉक्टरीणबाई, जपून बरं का. पैलाच डाव हाय ना? म्या तीनदा येऊन गेलोय." मल्लप्पा मनानं वाईट नव्हता. आपण सगळ्यांच्या पुढं असतो एवढंच त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

पहिली फेरी वीस मिनिटांची, त्यात जमतील तेवढ्या चकरा. नवख्यांच्या शेजारी शिकवणारा बसतो, तसा नरसिंग बसला. पंचशीलाला वाटलं होतं भीती वाटेल, पण तिसऱ्या वळणापर्यंत भीतीला जागाच उरली नाही. ब्रेक सरळ रेषेत दाबायचा, सोडत सोडत वळायचं, रस्ता उघडला की पाय द्यायचा. गाडी सांगितलेलं ऐकत होती. इतका आनंद तिला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता, आणि तिनं तो लपवला नाही, हेल्मेटच्या आत मोठ्यानं हसली.

मग सरळ रस्त्यावर आरशात चंदेरी गाडी मोठी होऊ लागली. पंचशीला डावीकडं सरली, खिडकीतून हात बाहेर काढला. मल्लप्पा भर्रकन पुढं गेला आणि पुढच्याच वळणावर म्हशीगत मंदावला. तिला त्याच्या मागं रांगत जावं लागलं. असंच मग आणखी पाच जणांना. नरसिंग बोटांवर मोजत गेला.

परत येऊन गाडी थांबवली तेव्हा ब्रेकांचा करपल्याचा वास येत होता. तापलेल्या गाडीला हँडब्रेक लावायचा नसतो. राजपालनं न सांगता चाकामागं दगड लावला. नरसिंग उतरला, हेल्मेट काढलं आणि मग फुटला.

"सहा जणांला साईड दिलात तुमी डॉक्टर. त्यातले चार तुमच्याहून हळू. कामून?"

"मागून आले म्हणून."

"मागून आले म्हणून? इथं मागून समदेच येतात. तुमी उगं बाजूला व्हायलात, तर मागच्याला वाटतंय गाडी बिघडली. एखादा घुसंल मधी. चालवता चांगलं, लई चांगलं, पण दुसऱ्या डावातबी हेच केलात तर पट्टी काढून घेईन. मंग घरी जायचं."

तो निघून गेला. पंचशीलाला राग आला. नरसिंगचा नाही, तो खरं तेच बोलत होता. तिला आपल्या हाताचा राग आला. मल्लप्पाची गाडी दिसल्याबरोबर तो हात तिला न विचारता बाहेर गेला होता. आणि तो हात कुठून आला तेही तिला पक्कं ठाऊक होतं. ती चौथीत असताना राजपाल तिला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायला निघाला होता. त्या दिवशी त्याला कामावरून सुट्टी होती, मालकांची जीप दुसराच कुणी चालवत होता. हॉर्न वाजला आणि राजपाल सायकलसकट रस्त्याकडेच्या चिखलात उतरला. जीप गेली. तिच्या पांढऱ्या मोज्यांवरचा चिखल पुसत तो म्हणाला होता, "काय न्हाई बाई, मोठी गाडी हाय."

राजपालनं सगळं ऐकलं होतं. तो फडक्यानं काच पुसत होता, स्वच्छ काच पुन्हा पुन्हा.

"नरसिंगअण्णा बरोबर म्हनायलेत," तो काचेकडंच बघत म्हणाला. "चूक तुजी न्हाई. मीच तसं शिकवलो."

"अप्पा, असू द्या."

"असू कसं दिऊ? गाडी शिकवलो, त्यात हेबी शिकवलो. म्हनलं, जपून ऱ्हाईल पोरगी." त्यानं फडक्याची घडी घातली. "आता देऊ नको."

दुसऱ्या फेरीला ती नरसिंगला शेजारी घेऊन निघाली तेव्हा राजपाल कुंपणाच्या जाळीला धरून उभा होता. पंचशीलाला आता एकच हवं होतं. मल्लप्पाच्या खिडकीतून हात बाहेर यायला हवा होता, आणि तो अप्पांना दिसायला हवा होता. बाकी गाडी, वेग, पट्टी, सगळं त्याच्यामागून.

तिसऱ्या चकरीत तिनं त्याला गाठलं. सरळ रस्त्यावर चंदेरी गाडी दूर पळायची, पण वळण आलं की मल्लप्पा फार आधी ब्रेक दाबायचा आणि लाल गाडी त्याच्या मागं जाऊन टेकायची. वळणातून निघतानाही ती तिथंच असायची. एक चकर झाली, दुसरी झाली. हात काही येईना. झेंडेवाल्यानं निळा झेंडा दाखवला. मल्लप्पानं पाहिला नाही की पाहून सोडला, त्याचं त्याला ठाऊक.

पंचशीलाचा पाय जड झाला. थोडं मागं राहावं, म्हणत होता पाय. कशाला उगीच, गावात पुन्हा समोरासमोर यायचं आहे. टेबलावरचा पेशंट स्थिर आहे आणि सर्जन घाई करतो आहे, अशा वेळी ती जशी शांत व्हायची तशी ती शांत झाली. हॉर्न मारला नाही, दिवे दाखवले नाहीत, अंगावरही गेली नाही. फक्त हटली नाही. त्याच्या आरशात पाहावं तेव्हा लाल रंग दिसेल एवढ्या अंतरावर ती राहिली, वळणामागून वळण. शेजारी नरसिंग गुडघ्यावर बोटं वाजवत होता.

पाचव्या चकरीत, कुंपणाजवळच्या सरळ रस्त्यावर, चंदेरी गाडी डावीकडं सरली. खिडकीतून हात बाहेर आला. कडं उन्हात चमकलं. जा.

ती गेली. हात वर करून तिनं त्याचे आभारही मानले, रीत होती ती. मग पुढचा रस्ता मोकळा होता आणि तिला पोट दुखेस्तोवर हसू येत होतं.

"आता एकटी जा," फेरी संपल्यावर नरसिंग म्हणाला. "माजं काम संपलं." तिसऱ्या फेरीला ती एकटी गेली, दोघांना साईड दिली, तिघांकडून घेतली, आणि परत आली तेव्हा तिचे गाल दुखत होते.

राजपाल दह्याचा तांब्या घेऊन उभा होता. ती पीत असताना तो म्हणाला, "हात दावला त्यानं."

"बघितलात?"

"बघितलो की. सव्वीस वर्षं त्यो हात बघितलो, पर गाडीच्या आतून. मी चालवायचो आन मालक लोक मागल्या सीटवरून हात काढून समोरच्याला म्हनायचे, सर बाजूला. बैलगाडीवाल्याला, सायकलवाल्याला. येकदा तर माज्याच भावाला." त्यानं कुंपणाच्या जाळीकडं पाहिलं. "बाहेर उभं राहून आज पैल्यांदा बघितलो."

पंचशीलानं तांब्या खाली ठेवला.

"अप्पा, शेवटची फेरी राहिली आहे. तुम्ही चालवा."

तो नाही म्हणाला नाही. चप्पल काढून बूट घातले. नरसिंगनं त्याच्या मनगटाकडं पाहिलं, पट्टी होती. "नेम ऐकलात ना समदे?" विचारलं. राजपालनं एकूण एक नियम घडाघडा म्हणून दाखवला. नरसिंगनं स्वतःचं हेल्मेट त्याच्या डोक्यावर बसवलं आणि या वेळी शिकवणाऱ्याच्या जागी पंचशीलाला बसवलं.

पहिली चकर राजपालनं नव्या नवरीसारखी चालवली. मागून हैदराबादचे दोघे आले, वळणातही चिकटून राहिले. त्यानं नीट हात काढून त्यांना साईड दिली. दुसऱ्या चकरीपासून त्याच्या खांद्यातला ताण सुटला. गिअर असे पडू लागले की पंचशीलाला आवाजही कळेना. तिला वाटलं, हा माणूस सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या वेगानं चालत होता.

सरळ रस्त्यावर आरशात चंदेरी गाडी मोठी झाली. राजपालचा उजवा हात चाकावरून सुटला आणि खिडकीच्या काठावर येऊन थांबला. पंचशीला समोर रस्त्याकडं बघत राहिली. हे तिनं सांगायचं नव्हतं.

वळण आलं. त्यानं हात तसाच काठावर ठेवून आरशात पाहिलं. चंदेरी गाडी अर्ध्या शेताइतकी मागं पडली होती.

"वळनावर भितो त्यो," राजपाल म्हणाला. "कालेजात व्हता तवापासून. मीच शिकवलो की त्याला."

पुढच्या सरळ रस्त्यावर ती पुन्हा आली, अगदी मागं. दिवे लागले, विझले, लागले. समोर डावं वळण होतं. राजपालनं काठावरचा हात उचलला, परत चाकावर ठेवला आणि गिअर उतरवला.

"थांबू दे की जरा मालकाला," तो म्हणाला, आणि वळणात शिरला.