नववी कड

लाकडाचं कुसळ जेमतेम चार मिलिमीटरचं होतं. बाबांच्या डाव्या तर्जनीत तिरकं घुसलेलं. त्याच्याभोवतीचं रक्त सुकून काळं पडलेलं. आणि बाबा निवांत चहा पीत होते.

"दुखत नाही?" मुलीनं विचारलं.

"काय?"

 मागच्या महिन्यात तेच बोट लाकूड चिकटवायच्या सरसाच्या तापल्या भांड्याला चिकटलं, तेव्हाही करपल्याचा वास आधी तिलाच आला होता. तेव्हापासून एक वाक्य रोज तिच्या ओठांवर यायचं आणि रोज ती ते गिळायची. हे काम काढून घेतलं तर बाबांचं उरणार काय?

बापलेकीच्या त्या कारखान्यात अंध मुलांच्या शाळांसाठी लाकडी घनाकृती बनत. नियम बाबांचाच: प्रत्येक नगाच्या कडा-कोपरे डोळे मिटून बोटांनी मोजायचे. जी कड आपल्या बोटाला लागत नाही, ती पोरांना काय लागणार?

तिनं तंबूच्या आकाराची त्रिकोणी चिती त्यांच्या हातात दिली. "मोजा बरं."

"माझी परीक्षा होय, मास्तरीणबाई?" त्यांनी डोळे मिटले. "पृष्ठं पाच. कोपरे सहा. कडा..." बोटं फिरली, अडखळली, पुन्हा फिरली. "नऊ हव्यात, आठच लागतायत. एक तू घासून खाल्लीस!"

ते खो खो हसले. नववी कड त्यांच्या डाव्या तर्जनीखालीच होती. चांगली धारदार. कातडीवर तिचा पांढरा वळ उमटला होता.

"आण, मीच नवी कापतो," म्हणत ते गोल करवतीपाशी गेले. पातं घोंघावू लागलं. त्यांची नजर लाकडावरच्या रेघेवर असायची. हात कुठे थांबवायचा ते बोट सांगायचं. मेजावर ठोकलेली पट्टी तर्जनीला लागली की थांबायचं, ही तीस वर्षांची सवय.

तर्जनी पट्टीला टेकली. थांबली नाही. पट्टीवर चढली, पलीकडे उतरली.

तिनं धावत जाऊन भिंतीवरचा खटका खाली ओढला.

"अगं, वीज गेली की काय?"

"हात हलवू नका. खाली बघा."

बाबांनी पाहिलं. पट्टी मागे राहिली होती, आणि अजून गरगरणारं पातं नखापासून बोटभरही लांब नव्हतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"लक्ष नव्हतं गं," ते पुटपुटले.

 तिनं त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"बाबा, आजपासून करवत मी चालवणार. तुम्ही नाही."