झुंबरबाईचे पैंजण

हुपरीचा दिवस उजाडतो तोच हातोडीच्या टकटकीनं. गणपतरावांच्या घरीही पैंजण घडवायचंच काम. त्या सकाळी त्यांची बायको झुंबरबाई भाकरीचं ताट घेऊन उठली, पायांत घुंगरं वाजली, आणि सोप्यात बसलेला नवरा डोकं झाकून जमिनीवर पालथा पडला. मग उठून त्यानं तिच्या हातातलं ताट भिरकावलं. तिनं भाकऱ्या गोळा केल्या. रडणं तिचं केव्हाच आटलं होतं.

गणपतराव जर्मनीच्या लढाईत समुद्रापल्याड बसऱ्याकडं फौजेची खेचरं हाकायला गेले होते. माणूस मुळातच अबोल, दुखलंखुपलं गिळणारा. हुपरीला परतले ते अगदीच मुके होऊन. बायकोला एकदाच म्हणाले होते, की तांड्यावर तोफेचे गोळे पडले, आणि तडफडणाऱ्या खेचरांच्या गळ्यातली घुंगरं रात्रभर वाजत राहिली.

तिनं हे सासूला, बाळाबाईला, सांगून पाहिलं. पण ऐकतंय कोण! नवरा बिघडला की खोट बायकोची, हे आपल्याकडं ठरलेलंच. देवऋषी म्हणाला, सवाष्णीच्या पायातल्या आवाजानं बसऱ्याचं भूत पळेल. झालं! दिरानं दुप्पट घुंगरांचे पैंजण केले आणि काढता येऊ नयेत म्हणून तिच्या पायांतच खिळा ठोकून बंद केले. गुण आला नाही तर दुसरी बायको करायची, असंही ठरलं.

झुंबरबाईनं चालणंच सोडलं. घरभर खुरडत फिरायची. शेजारणी तिला आळशी म्हणाल्या.

ताट भिरकावलं गेलं त्या सकाळी मात्र ती खुरडत दिराच्या ऐरणीपाशी गेली. पाय वर ठेवला, छिन्नी उचलली. बाळाबाई धावली.

"नवऱ्याच्या जिवावर उठलीस व्हय गं?"

"लढाईतनं जित्तं आल्यात ते," झुंबरबाई सावकाश म्हणाली. "हितं रोज मरत्यात. मी ह्ये घालणार न्हाय. दुसरी आणा, तिलाबी मी घालू देणार न्हाय."

छिन्नी घसरून घोटा सोलला. तरी दोन्ही पायांतले खिळे तोडून, पैंजण ऐरणीवर टाकूनच ती उठली.

संक्रांतीला तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. मोकळ्या पायांची सवाष्ण अपशकुनी म्हणे. घरात आता तिची चाहूल लागत नाही, म्हणून ती उंबऱ्यातनंच "मी हाय" म्हणते आणि मग आत जाते. परवा गणपतराव मान न वळवता म्हणाले, "व्हय, ये."

देवऋष्याला विचारलं, भावकीला विचारलं, अख्ख्या गल्लीला विचारलं. लोकहो, गणपतरावांना कुणी विचारलं होतं?