पालकाची सही

खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज परत सरकवला. "पालकाची सही कुठाय?"

"मी पालकांकडे राहत नाही, साहेब. दोन वर्षं झाली. मावशींचं पत्र खाली जोडलंय."

"पत्र चालत नाही. अठरा पूर्ण होईपर्यंत पालकच लागतो. परवा शेवटचा दिवस."

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे नाव तिला मावशींनीच ठेवलं होतं. घर सुटलेल्या चार मुलींचा फ्लॅट त्या सांभाळत. पूर्वी नर्स होत्या. आवाज फाटका, हात मायेचा. तिथे प्रत्येकीला स्वतःची किल्ली होती, फ्रिजमध्ये स्वतःचा कप्पा होता आणि पायावर उभं राहायला थोडी मुदत होती. त्या मुदतीत ठिणगीला फ्रिज-दुरुस्ती शिकायची होती. प्रवेशपरीक्षेत ती दुसरी आली होती.

"घराबाहेर काढणारा माणूस पालक," बाहेर थांबलेल्या मावशींबरोबर परतताना ती रस्ताभर धुसफुसत होती, "आणि तापात माझ्या डोक्यावर पट्ट्या ठेवणाऱ्या तुम्ही कोण? वाटसरू?"

"कारकुनाला शिव्या घालून अर्ज भरत नसतो," मावशी म्हणाल्या. "उद्या दुकानात जाऊ. मी येते बरोबर."

वडिलांचं कापडाचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दोघी पोचल्या तेव्हा वडील गिऱ्हाइकाला कापड दाखवत होते, आई ठाणांच्या घड्या घालत होती. कापड मोजायची लोखंडी पट्टी जागच्या जागी होती. शाळा सोडून दुकानात बसायला ठिणगी नाही म्हणाली, तेव्हा वडिलांनी याच पट्टीने तिचं मनगट मोडलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी तिला ढकलून घराबाहेर काढलं आणि कडी लाव म्हणाले. कडी आईने लावली.

वडिलांनी अर्धा तास तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले, "सही पाहिजे? मग सगळ्यांसमोर माफी माग. चुकले म्हण."

गिऱ्हाईक बाईने कापडात नाक खुपसलं आणि कान टवकारले.

एका शब्दाचा तर प्रश्न होता. ठिणगीने तो जिभेवर आणलासुद्धा, पण तिथून तो पुढे सरकेना.

"मनगट माझं मोडलंय, बाबा. माफी तुम्ही मागा."

"चालती हो!"

तेवढ्यात आईने ठाण बाजूला टाकलं, ठिणगीच्या हातातला अर्ज ओढला आणि पावतीपुस्तकावरचं पेन उचललं.

"खबरदार!" वडील गरजले.

आईने सही केली. अक्षर पार वाकडंतिकडं आलं. "आईची चालते ना हो?" तिने मावशींना विचारलं.

"न चालायला काय झालं?"

ठिणगीला आनंद व्हायला हवा होता. उलट तिचं डोकं आणखीच भडकलं.

"एवढं सोपं होतं? मग तेव्हा कडी काढायला काय झालं होतं तुला?"

"घाबरले होते गं."

"मीही घाबरले होते. मी पंधरा वर्षांची होते, आई!"

मावशींनी ठिणगीला दंडाला धरून बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवशी कारकुनाने सहीकडे धड न बघता शिक्का मारला. प्रवेश मिळाला. मैत्रिणींनी तिला उचलून घेतलं, तेव्हाही तिच्या कपाळावरची आठी गेली नाही.

आठवड्याने आईचा फोन आला. "भेटायला येऊ का?"

"त्या दिवशी मागाहून काय झालं घरी?"

"काही नाही."

हे 'काही नाही' ठिणगी लहानपणापासून ऐकत आली होती. तिच्या कानशिलाशी शीर उडू लागली.

"अजून माफ केलेलं नाही मी तुला," ती म्हणाली. "पण मावशींचा नंबर लिहून घे. बाबांनी पुन्हा हात उचलला तर लगेच फोन कर. पेन घे आधी. घेतलंस?"

पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. ठिणगी एकेक आकडा सांगू लागली, दटावल्यासारखा.